कच्चा कोळसा, निंबाचा वास

विज्ञान प्रदर्शनात ती मुलगी आमच्या टेबलापाशी थांबली ती जेमतेम दोन श्वास. निळा ब्लेझर, घट्ट दोन वेण्या, गळ्यात ओळखपत्र. बाटलीचं झाकण मी तेव्हाच उघडलं होतं, कारण आतला काळसर द्रव काचेच्या कडेनं कसा सावकाश उतरतो ते माझ्यासोबत आलेल्या मेघाला पुन्हा एकदा पाहायचं होतं. मुलगी वाकली, नाक पुढं केलं आणि आपल्या मैत्रिणीला म्हणाली, "यातून कडुनिंबाचा वास येतोय ना?" चांगली हसून म्हणाली, खोचक काही नव्हतं त्यात, आणि दोघी पुढच्या टेबलाकडे निघून गेल्या. शेजारी लाखनीच्या मुलींची कचरापेटी होती, माणूस जवळ आला की आपोआप तोंड उघडणारी. त्या दोघींना पाहून पेटीनं तोंड उघडलं, थोडा वेळ तसंच ठेवलं, कोणी काही टाकलं नाही तेव्हा मिटून घेतलं. मीही तेवढंच केलं.

मग मी बाटली नाकाशी नेली. काहीच आलं नाही. खरंच सांगते, काही नाही. दुसऱ्याच्या घरात पाय टाकला की लगेच कळतं, यांच्याकडे लसणाचा वास आहे, यांच्याकडे ओल्या गोधड्यांचा. पण आपल्या घराला वास असतो हे आपल्याला कोण सांगणार? मी डोळे मिटले. आपण ती ब्लेझरवाली मुलगी आहोत, भंडाऱ्यात टाइल्सच्या घरात राहतो, वावर फक्त बसच्या खिडकीतून पाहिलंय, असं मनाशी धरलं आणि पुन्हा खोल श्वास घेतला. तेव्हा आला. बाबांच्या हाताचा वास. रोवणा, म्हणजे लावणी, होऊन धान जरा उभं राहिलं की बाबा कमरेला घमेलं लावून घोटाभर पाण्यात उतरतात आणि बांधीभर युरिया फेकत जातात, मूठ उघडताना मनगटाला असा एक झटका देतात की दाणे पंख्यासारखे पसरतात. सांजेला राखेनं हात घासतात, साबण लावतात, तरी त्या दिवसांत त्यांच्या बोटांना एक कडसर, तेलकट वास राहतोच. मला एकदा ताप होता तेव्हा त्यांनी त्याच हातानं वरणभात भरवला होता. म्हणजे माझ्या जिभेवर तापाची चव, वरणाची चव आणि हा वास, तिन्ही एका ठिकाणी ठेवलेली आहेत. युरिया म्हटलं की मला हाच वास. युरियाला स्वतःचा वास नसतोच, आपल्याकडे येणाऱ्या युरियाला सरकार निंबाचं तेल लावून पाठवतं, हे मला माहीत असायला पाहिजे होतं. आणि माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही. पोत्यावर निंबाचं पान छापलेलं असतं, हिरवं, ठसठशीत. ती पोती उसवून आईनं शिवलेलं तळवट आमच्या अंगणात अंथरलेलं असतं. मी त्याच्यावर बसून रसायनशास्त्र पाठ केलंय. निंबाच्या पानावर बसून.

इथं हॉलमध्ये केवढा गलका आहे. माइकवर कोणीतरी मघापासून हॅलो हॅलो करून राहिलंय. थर्माकोलचा ज्वालामुखी आहे, इंजेक्शनच्या नळ्यांवर चालणारा जेसीबी आहे, ठिबक सिंचनाची तर चार-चार मॉडेलं आहेत. सगळीकडे फेव्हिकॉलचा वास, आणि माझ्या नाकात आता फक्त तो एकच. तेल तापलं की तांबूस होतं, हे तर कुठल्याही स्वयंपाकघरात कळतं. म्हणजे माझ्या बाटलीतला हा जो रंग आहे, ज्याच्यासाठी आम्ही अड्याळहून इथवर आलो, ज्याच्यासाठी मेघानं चार्टवर रंगीत खडूनं सावली देऊन देऊन लिहिलं की 'कोळसा विरघळतो', तो कोळशाचा आहे की तेलाचा? हा प्रश्न मनात एकदम मोठ्यानं आला. आणि त्याच्या मागून, हळूच, दुसरा आला. तेलाचा असेल, तर मी पुन्हा मुकी होईन का?

मुकी हा शब्द माझा नाही, बाबांचा आहे. आता मी एवढी बोलते की विज्ञानाच्या लांजेवार मॅडम हात जोडतात, पण आधी मी वर्गात बोलत नव्हते. येत नव्हतं म्हणून नाही. उत्तर घशापर्यंत यायचं, तिथं बसायचं आणि दुसऱ्या कोणीतरी ते दिलं की परत खाली जायचं. सवय झाली होती. हजेरीला 'मोना ताराचंद' म्हटलं की मी हात वर करायची. मॅडमनी बरेच दिवस मला बोलायला लावायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला. मग एकदा विज्ञान मंडळाच्या तासाला मॅडम म्हणाल्या, मीठ पातळ करायचं असेल, पाण्यात न टाकता, तर विटा भाजतात तेवढी आच लागते. पण काही मीठं अशी असतात की खोलीत नुसती ठेवली तरी पातळ राहतात. त्यांना आयनिक द्रव म्हणतात. पाणी नाही, तेल नाही, नुसतं मीठ, पण वाहणारं. आणि त्यांच्यात म्हणे कमी दर्जाचा कोळसा ऊन आचेवर फुगतो, सुटा होतो, थोडा विरघळतोही. जाळ नाही, धूर नाही. चांगला, पक्का, जुना कोळसा नाही विरघळत. तो आतून फार घट्ट बांधलेला असतो. कच्चा असतो तोच सैल होतो. खरे आयनिक द्रव आपल्याला परवडायचे नाहीत, पण त्यांची एक गरीब चुलत बहीण आहे, मॅडम म्हणाल्या: कोलीन क्लोराइड आणि युरिया. दोन्ही पांढऱ्या पुड्या. एकत्र करून ऊन केल्या की पातळ होतात. कोलीन मी नागपूरहून मागवते. युरिया प्रयोगशाळेचा मागवू का? आणि तेव्हा, मला आठवतं, मी पहिल्यांदा मान वर करून म्हटलं होतं, "कायले, मॅडम? आमच्या घरी पोतं आहे." अख्खा वर्ग हसला होता. मॅडमही हसल्या होत्या, पण खुशीनं, कारण मी बोलले होते.

चूक तिथं झाली. हसण्याच्या नेमकं आधी. गंमत म्हणजे आम्हा कोणालाही ती दिसली नाही, वर्गात जवळजवळ सगळ्यांच्या घरी पोतं होतं. मी खिशातून मूठभर दाणे आणले. पिवळट होते. आमच्याकडे युरिया पिवळटच असतो. गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी तापवून त्यात काचेचं भांडं ठेवलं, दोन्ही पुड्या टाकल्या, काचकांडीनं ढवळत राहिले. बराच वेळ नुसती करकर. मग कडेला घाम आल्यासारखं झालं. मग मधे एक लहानसं तळं. आणि मग एकदम सगळं पातळ, तुपासारखं, पिवळसर, चमकणारं. मी केवढ्यानं तरी म्हणाले, "मॅडम, पाणी सुटलं. पाणी न टाकताच पाणी सुटलं." पाणी नव्हतंच ते, हे मला कळत होतं, पण शब्द तोच आला. मागच्या बाकावरची मुलं उठून पुढं आली. मी त्यांना सांगत सुटले, दोन कडक माणसं एकमेकांपाशी बसली की कशी नरम येतात, तसं आहे हे, एकट्यानं कोणीच वितळत नाही एवढ्या आचेवर. कोण बोलून राहिलं ते कळेना मला. आवाज माझाच होता, पण पहिल्यांदा बाहेरून ऐकत होते. त्या दिवसापासून मी थांबलेलीच नाही. आई म्हणते, "आधी बोलत नव्हती तेवा देवाले नारळ बोलली होती, आता बंद व्हावी म्हणून कोण्या देवाले बोलू?"

कोळसा बाबांनी आणला. धान कापून झालं की बाबा नाल्यापलीकडच्या विटाभट्ट्यावर जातात, होळीच्या पुढंपर्यंत. तिथं उमरेडकडून ट्रकनं कोळसा येतो, आणि येतो तो असा की हातात घेतला की भुगा. उन्हात ठेवला की चिरा पडतात. बाबा त्याला कच्चा म्हणतात. भट्टेवाले भैय्याजी त्याला आणखी काय काय म्हणतात ते इथं लिहिता येत नाही. धूर जास्त, आच कमी, आणि ढीग लावून ठेवला तर आपोआप तापतो. हे मी स्वतः पाहिलंय. तिसरी-चौथीत असेन, दुपारी बाबांचा डबा घेऊन गेले होते. ढिगाच्या सावलीला बसले आणि पाठ ऊन लागली. सावलीतली पाठ. मी वळून तळवा ठेवला तर आत काहीतरी जिवंत होतं, गाभण म्हशीच्या पोटाला हात लावल्यासारखं. मी बाबांकडे गेले. सांगता येईना. शब्द होते, ढीग, गरम, आतून, पण ते एकापाठोपाठ एक उभे राहीनात. मी त्यांचा हात धरून ओढत आणला आणि ढिगावर ठेवला. त्यांनी हात मागं घेतला, ओरडून दोघातिघांना बोलावलं, फावड्यानं ढीग पसरवला. आतून धूर निघाला. सगळं झाल्यावर ते माझ्याकडे वळले. रागावले नव्हते. थकल्यासारखे म्हणाले, "मुकी हायेस का बाई? तोंडानं सांग ना." मग डबा उघडला आणि आधी मला घास दिला.

तोच कोळसा. तोच मी आईच्या खलबत्त्यात कुटला, तिला न विचारता, आणि आई आली.

"काय करून राहिली वं ते?"

"प्रयोग."

"मसाल्याच्या खलात कोळसा? उद्या भाजी काळी निघन तं तुझ्या मॅडमले जेवाले बोलावजो."

दोन दिवस ती मला खलबत्ता घासायला लावत होती. पण पूड अशी झाली होती की बोटांवर काजळ लावल्यासारखी. ती पिवळ्या द्रवात टाकली, पाण्याच्या वाफेवर ऊन ठेवली. फार तापवलं की गोठ्यासारखा उग्र वास यायचा, मग मी खाली उतरवायची. आणि दर वेळी रंग गडद. आधी चहा, मग गूळ, मग काळा. गाळायला ठेवलं तर गाळणकागदातून थेंब सुटायचा तो असा सावकाश, की मेघा म्हणाली, हा थेंब पडेस्तोवर मी लग्न करून येते. जे खाली उतरलं ते स्वच्छ होतं. उन्हाकडे धरलं तर आरपार तांबूस, नाहीतर काळं, एक कणही नाही. एवढीशी बाटली. त्या सकाळी बसमध्ये ती मी स्वेटरच्या आत पोटाशी धरून आणली, कारण थंडीनं ती घट्ट होते, पार तुपासारखी गोठते. पवनी येईपर्यंत माझं पोट गार पडलं होतं आणि बाटली ऊन झाली होती. मला केवढं भारी वाटत होतं. बाजूला मेघा चार्टची गुंडाळी उभी धरून झोपली होती. परीक्षकांना काय काय सांगायचं ते मी ओठातल्या ओठात म्हणत होते. राज्याच्या प्रदर्शनात गेलं तर आणखी काय सांगायचं तेही.

आणि आता हा वास.

मी शांत होते, हे विशेष. बाटली टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे पाहत बसले. ऊन खिडकीतून टेबलाच्या कोपऱ्यावर आलं होतं, त्यात बाटलीची सावली पडली होती, आणि सावली लाल होती. किती सुंदर दिसत होती ती. मला वाटलं, हे असंच राहू दे. परीक्षक येतील, मी सांगेन, मला सांगता येतं आता. बाटली तिरपी करेन, द्रव काचेवरून उतरेल, ते माना हलवतील. त्या ब्लेझरवालीनं काय म्हटलं ते त्यांना कोण सांगणार? पण मला सांगितलं होतं ना. आणि मी हेही विसरू शकत नव्हते की उत्तर माझ्याजवळच आहे, पाण्याच्या बाटलीत, दप्तराच्या बाजूच्या खिशात. मॅडमनीच वाचून दाखवलं होतं: आयनिक द्रवात विरघळलेला कोळसा परत काढायचा असेल तर पाणी टाकायचं. द्रव पाण्यात मिसळून जातो, कोळशाला पाणी आवडत नाही, तो बाहेर पडतो, खाली बसतो. आम्ही ते केलं नव्हतं, कारण एकच बाटली होती, आणि पाणी टाकलं की ही चमक गेली, गढूळ झालं, दाखवायला काही उरत नाही. पण तेलालाही पाणी आवडत नाही. तेलही बाहेर पडेल. फक्त तेल वर येईल. हे मला कोणी सांगितलं नाही, माझं मलाच सुचलं, आणि सुचल्याबरोबर एक क्षण असा आला की मला खूप आनंद झाला. कसला आनंद, काय माहीत. घर जळत असताना दिवाळी आठवावी तसा. कोळसा असेल तर खाली, तेल असेल तर वर. एवढं सोपं. फक्त त्यासाठी बाटली घालवावी लागणार होती.

मेघाला सांगितलं. ती पुऱ्या खात होती, डब्याच्या झाकणात लोणचं घेऊन.

"वेडी झाली का?" ती म्हणाली. "आता टाकते पाणी? परीक्षक तिकडं जेसीबीपाशी आले."

"म्हणूनच तं आता."

"अवं, टाकजो ना. घरी जाऊन टाकजो. नाल्यात टाकजो. आधी नंबर तं येऊ दे."

"अन् निंबाचं तेलच निघालं तं?"

"तं निघू दे. त्याहिले थोडीच माहीत हाये. तू बोलली की समोरचा माणूस ऐकतच राह्यते, सगळे म्हणतात. तू नुसती बोल."

तिनं हे कौतुकानंच म्हटलं होतं. पण ते मला लागलं. तू नुसती बोल. म्हणजे बाटलीत काय आहे त्याच्याशी माझ्या बोलण्याचा काही संबंध नाही. मी लहानपणी ढिगापाशी मुकी होते, पण तेव्हा ढीग खरंच गरम होता. बाबांचा हात ठेवल्याबरोबर त्यांना कळलं. आता मला सगळे शब्द येतात, एकापाठोपाठ उभे राहतात, रांगेत, शाळेच्या परिपाठासारखे, आणि हात कुठं ठेवायचा तेच मला माहीत नाही. हे जे मी आता लिहिलंय ते तेव्हा असं नव्हतं सुचलं. तेव्हा नुसती पाठ गरम झाली. थंडीच्या दिवसात, सावलीत बसलेली असताना.

"तुझा चार्ट खराब होईन," मी म्हटलं.

"चार्ट खराब नाई होत, चार्ट खोटा होते," मेघा म्हणाली आणि पुरी खाली ठेवली. ती तशी हुशार आहे, फक्त लपवते. तिनं हात रुमालाला पुसले. "मॅडमले तं विचार."

मॅडम दुसऱ्या दाराशी नोंदणीच्या टेबलाजवळ होत्या, पाठमोऱ्या, कोणाशी तरी बोलत. त्यांची हिरवी शाल दिसत होती. विचारलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या हे मला आजही माहीत नाही, आणि मी विचारलं नाही, कारण हो म्हणाल्या असत्या तर बाटली त्यांनी घालवली असं झालं असतं आणि नाही म्हणाल्या असत्या तर मी थांबले असते. जेसीबीनं मूठभर वाळू उचलली. टाळ्या वाजल्या. मी पाण्याची बाटली काढली, घरच्या विहिरीचं पाणी, आणि उंच काचेच्या नळकांड्यात आधी माझा द्रव ओतला. तो शेवटचा थेंब सुटेपर्यंत मी वाट पाहिली, घाई केली नाही. मग पाणी. पहिली धार आत गेली तेव्हा काहीच झालं नाही. काळ्यात बिनरंगाचे दोरे वळत गेले, साखरेच्या पाकात पाणी घातल्यावर दिसतात तसे. मग कांडीनं एकदा फिरवलं, आणि सगळं गढूळ झालं. आरपार तांबूस होतं ते गेलं. नाल्याला पूर आल्यावर जे वाहतं तसलं काहीतरी उरलं. मेघा हळूच म्हणाली, "झालं." तिच्या आवाजात राग नव्हता. कोणाला माती दिल्यावर म्हणतात तसं म्हणाली.

आता वाट पाहायची होती. गाळ बसायला वेळ लागतो आणि तो आपण म्हटल्यानं लवकर बसत नाही. मी टेबलावर हनुवटी ठेवली, डोळे नळकांड्याच्या बरोबरीनं आणले. आत काही तरी फिरत होतं, बारीक, दिशा न ठरवलेलं. मला आमची बोडी आठवली, शेताजवळचं लहान तळं. रोवणा संपल्यावर बैल धुऊन नेले की पाणी असंच उठलेलं असतं, आणि सकाळी जाऊन पाहावं तर तळ दिसतो. रात्रभर कोणी काही केलेलं नसतं. माझ्या पापण्या सुद्धा हलत नव्हत्या. मागं कचरापेटी दोनदा उघडली आणि मिटली, म्हणजे दोन माणसं आली होती. तरी मी मान उचलली नाही. वर, पाण्याच्या अगदी कडेला, काचेला लागून, एक पिवळं कडं धरायला लागलं होतं. मधे मधे लहान गोल थेंब, वरणावर फोडणीचे येतात तसे. म्हणजे होतं. निंब होतं.

"कोणी सांगणार का?" वरून आवाज आला. दोन परीक्षक होते, मफलर गुंडाळलेले एक वयस्क सर आणि त्यांच्यासोबत एक तरुण बाई, हातात पॅड घेऊन. सरांनी चार्ट वाचला. "कोळसा विरघळतो. बरं. कुठं विरघळलाय? हे तर गढूळ आहे."

मी उभी राहिले. उत्तर घशाशी होतं. मेघानं मागून माझ्या स्वेटरला एक बारीक चिमटा घेतला.

"थांबा, सर," मी म्हटलं. "अजून बसलं नाही."

"काय बसलं नाही?"

"आतलं. वरचं तेल आहे, ते निंबाचं. आम्ही घरचा युरिया घेतला, त्याला लावलेलं असते. आमच्या लक्षात नाही आलं. रंगातला काही भाग त्याचा आहे. कोळसा उतरला असेल तर तो खाली दिसेल. तो अजून खाली जाऊन राहिला."

बाई वाकल्या. "हे आत्ता केलं तुम्ही? इथं?"

"हो."

"कालच करून पाहायचं ना मग."

"काल वास आला नव्हता," मी म्हटलं, आणि मेघा मागून म्हणाली, "मॅडम, आमच्या गावात तो कोणालेच येत नाही." बाई हसल्या. सर हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली. मला वाटलं, पुढं जायचं सोडून बसतात कसे. पण ते बसले, चष्मा वर सरकवून नळकांड्याकडे पाहू लागले, अगदी माझ्यासारखे, डोळे बरोबरीनं आणून. आम्ही चौघं त्या गढूळ पाण्याकडे पाहत होतो. कोणी काही बोलत नव्हतं आणि मला मुकं वाटत नव्हतं. मग तळाशी, काचेच्या गोलाईत, एक रेघ आली. एवढीशी. धानाच्या तुसाएवढी जाड, तपकिरी, कडेला सैल. वाढली नाही फार. पण होती.

"ही?" सर म्हणाले.

"ही, सर."

"किती असेल?"

"चार्टवर लिहिलंय त्याच्यापेक्षा खूप कमी. किती ते मला आज सांगता येत नाही. आधी कोळसा न टाकता नुसतं युरिया-कोलीनचं एक करून पाहायला पाहिजे होतं, त्याचा रंग किती येतो. ते केलं नाही आम्ही. अन् हा तपकिरी गाळ सगळा कोळसाच आहे, हेही मी पैजेवर नाही सांगणार. वाळवून जाळून पाहावं लागेल." आणि मग मी सांगत गेले. दोन पुड्या कशा पातळ होतात, कच्चा कोळसा का सैल होतो आणि पक्का का नाही, भट्ट्यावरचा ढीग सावलीत कसा तापतो. तेच सगळं जे बसमध्ये पाठ केलं होतं, पण दर वाक्याला मी नळकांड्याकडे पाहत होते आणि जे त्यात नव्हतं ते वाक्य सोडून देत होते. बरीच वाक्यं गेली. जी राहिली ती सोपी होती. सर उठले, पॅडवर काहीतरी लिहिलं, "पुढच्या वेळी युरिया प्रयोगशाळेचा घ्या," एवढं म्हणाले आणि ठिबक सिंचनाकडे गेले. कचरापेटीनं त्यांना तोंड उघडून दाखवलं.

नंबर आला नाही. जेसीबीचा आला, एका ठिबकचा आला, कचरापेटीला प्रोत्साहनपर मिळालं. लांजेवार मॅडमना मेघानंच सगळं सांगितलं, जरा तिखटमीठ लावून, मॅडम बराच वेळ नळकांडं उजेडाकडे धरून उभ्या राहिल्या, मग शालीनं त्याची काच पुसली आणि म्हणाल्या, "मला पण वास नाही आला गं. माझं माहेर कोंढ्याचं, तिथंही घरोघरी हेच पोतं." बसमध्ये मेघा माझ्याशी पवनी येईपर्यंत बोलली नाही. पवनीला शेंगदाणे घेतले, अर्धे मला दिले आणि म्हणाली, "'थोडा' हा शब्द मी लय सुंदर लिहिला असता. 'कोळसा थोडा विरघळतो.' तू सांगितलंच नाही वेळेवर."

गढूळ पाणी मी परत बाटलीत भरून आणलं होतं, पोटाशी धरून. आता ते गोठणार नव्हतं, एवढं पाणी होतं त्यात, तरी पोटाशीच धरलं. घरी पोचले तेव्हा बाबा भट्ट्यावरून येऊन अंगणात तळवटावर बसले होते, हातपाय धुऊन. उजेड होता अजून. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि नंबराचं विचारलं नाही. मी बाटली त्यांच्या तळव्यावर ठेवली. काच ऊन होती. हलल्यानं सगळं पुन्हा मिसळलं होतं, वरचं खाली, खालचं वर. त्यांनी झाकण काढून वास घेतला. त्यांनाही नाही आला, चेहऱ्यावरून कळलं. मग त्यांनी बाटली मोठ्या निगुतीनं समोर ठेवली, जरा सरकून मला जागा केली आणि म्हणाले,

"बस. तोंडानं सांग."

मी तळवटावरच्या त्या छापील निंबाच्या पानावर बसले. आई आतून म्हणाली, "घ्या, आता भाकरी गार होते." मी बाटलीकडे पाहिलं, आत काय काय बसायचं होतं अजून, आणि ते बसेपर्यंत पुरेल एवढ्या सावकाशीनं, पहिल्यापासून सुरुवात केली.